‘लेक कमिट झाली’ म्हणजे नक्की काय झालं?

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर न्यू जर्सीहून धाकट्या बहिणीचा मेसेज पडला : ‘लेक कमिट झाली!!’ सोबत नाचणारी बाई आणि एक पिवळा चेंडू. ग्रुप दहा मिनिटं चिडीचूप. शेवटी साताऱ्याच्या मोठ्या काकूंनी धीर केला. ‘अभिनंदन. मुलगा काय करतो?’

काकूंचं चुकलं असं म्हणवत नाही. आपल्याकडची कॉलेजातली पोरं ज्या अर्थाने ‘कमिटेड’ म्हणतात, तोच त्यांच्या कानावरून गेलेला. सतरा वर्षांच्या भाचीचं जमलं होतं ते एका कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघाशी. संध्याकाळी फोन करून तासभर समजावत बसलो आणि बोलता बोलता लक्षात आलं, की काकूंचा नेम फार लांब गेलेला नाही. बायोडाटा पाठवायचा, बघायला यायचं, ‘कळवतो’ म्हणायचं, देण्याघेण्याचा विषय शेवटाला काढायचा, दिलेला शब्द फिरवायचा... स्थळं बघताना आपल्याकडे जे जे होतं, ते सगळं यात आहे. फरक इतकाच, की इथे मुलगी स्वतःच चाळीस-पन्नास स्थळांना पत्रं धाडते.

या प्रकाराला तिकडे ‘रिक्रूटिंग’ म्हणतात. काकूंना सांगितलं तेच जरा सविस्तर इथे मांडतो. माझ्या ओळखीतल्याच तीन मराठी घरांत सध्या हे चालू आहे, आणि २०२५ च्या जूनपासून नियम असे पालटलेत की दोन वर्षांपूर्वी ज्यांनी मोठ्या मुलीचं केलं, त्यांचा सल्लाही धाकटीच्या वेळी पुरत नाही.

कॉलेज मुळात खेळाला पैसे का मोजतं?

अमेरिकेत कॉलेजचा संघ म्हणजे गावच्या जत्रेतल्या कुस्तीसारखा असतो : गावाची अब्रू, वर्गणी आणि गर्दी सगळं त्याच्यावर. फुटबॉल आणि बास्केटबॉल हे कमावते खेळ. सॉफ्टबॉल बहुतेक ठिकाणी कमावत नाही, तरी टिकून आहे, कारण १९७२ चा ‘टायटल नाइन’ हा कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुली-मुलांत भेद करता येणार नाही, असं तो सांगतो. फुटबॉलच्या संघात शंभरेक मुलगे असले तर मुलींसाठीही तेवढ्या तोलाच्या संधी उभ्या कराव्या लागतात. त्यातून मुलींचे संघ वाढले. या खेळांचा कारभार बघणाऱ्या ‘एनसीएए’ या संघटनेची पहिली सॉफ्टबॉल स्पर्धा १९८२ मध्ये झाली.

खेळ आपल्याला अगदीच परका नाही. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांमधून मुली सॉफ्टबॉल खेळतात. बेसबॉलची ही बहीण. मैदान लहान, चेंडू मोठा, आणि पिचर तो खांद्याच्या खालून फेकते. खालून म्हणजे हळू, असं वाटत असेल तर एकदा समोर उभं राहून बघावं. पिचर ४३ फुटांवर असते, चांगल्या कॉलेजात चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या वर येतो. बॅट फिरवायची की नाही हे ठरवायला मुलीकडे अर्धा सेकंदही नसतो.

इमारतीचे मजले

एनसीएएची कॉलेजं तीन डिव्हिजनमध्ये विभागलेली आहेत. डिव्हिजन वन म्हणजे टीव्हीवर दिसणारी, मोठ्या खर्चाची. डिव्हिजन टू मधली. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही, तसा नियमच आहे. यांच्याखेरीज एनएआयए ही वेगळी संघटना आहे आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं आहेत (आपली अकरावी-बारावीची नव्हेत, त्यानंतरची), तिथूनही खेळाची मदत मिळू शकते.

इथे सगळ्यांची पहिली गफलत होते. हे मजले खेळाच्या खर्चाचे आहेत, शिक्षणाच्या दर्जाचे नाहीत. एमआयटीचा सॉफ्टबॉल संघ डिव्हिजन थ्रीत खेळतो. आणि हार्वर्ड, येल वगैरे आयव्ही लीगची आठही कॉलेजं डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. काकूंनी यावर विचारलं, ‘मग वरचा मजला कशाला म्हणायचा?’ मला उत्तर देता आलं नाही.

हायस्कूलमध्ये सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली साडेतीन लाखांच्या आसपास. एनसीएएच्या तिन्ही डिव्हिजन मिळून जागा सुमारे वीस हजार, आणि त्या चार वर्षांच्या मुलींत वाटलेल्या. दरवर्षी मोकळ्या होणाऱ्या जागा किती, याचा अंदाज ज्याने-त्याने करावा.

१ सप्टेंबरची रात्र

पूर्वी हा बाजार फार लहान वयात सुरू व्हायचा. सातवी-आठवीतल्या मुलींना कोच तोंडी शब्द देत. म्हणजे पाळण्यात ठरलेली लग्नंच. २०१८ मध्ये एनसीएएने सॉफ्टबॉलपुरता चाप लावला : डिव्हिजन वनच्या कोचने मुलीशी अकरावीच्या वर्षी १ सप्टेंबरच्या आधी भरतीविषयी बोलायचं नाही. ना फोन, ना मेसेज. डिव्हिजन टूला दहावी संपल्यावर १५ जूनपासून मोकळीक. डिव्हिजन थ्रीच्या कोचला फोन-मेसेजसाठी अशी तारीखच नाही.

पण बोलायचं नाही म्हणजे बघायचं नाही असं नव्हे. उन्हाळ्यात क्लबच्या मोठ्या स्पर्धा होतात, एकाच ठिकाणी ओळीने मैदानं, आणि होम प्लेटच्या, म्हणजे बॅटिंगच्या जागेच्या, मागे घडीच्या खुर्च्या टाकून कॉलेजच्या टोप्या घातलेले कोच बसलेले. मुलगी समोरून गेली तरी नजर वहीत. भाची म्हणते, ‘मामा, ते माझ्याकडे बघत नाहीत याचा अर्थ ते माझ्याकडे बघतायत.’

ती कॅचर आहे, म्हणजे बॅट धरणारीच्या मागे बसून पिचरचा चेंडू झेलणारी. नववी-दहावीत तिने शंभरावर ईमेल पाठवले असतील : उंची, मार्क, पुढच्या स्पर्धेचं वेळापत्रक आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ. व्हिडिओत गाणं नाही, स्लो मोशन नाही. चेंडू हातमोज्यात आल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या हातमोज्यात पडेपर्यंतचा वेळ कॅचरची किंमत ठरवतो. अंतर ८५ फूट आणि वेळ दोन सेकंदांच्या आत लागते. बाकी सगळं सजावट.

२०२४ चा १ सप्टेंबर रविवारी आला. त्यांच्याकडे मध्यरात्र, आमच्याकडे सकाळचे साडेनऊ. गणपती आठवड्यावर आलेले, मी मखराची खोकी माळ्यावरून काढत होतो आणि टेबलावर टेकवलेल्या फोनवर एडिसनमधलं बहिणीचं स्वयंपाकघर दिसत होतं. ओट्यावर भाचीचा फोन पालथा ठेवलेला. बारा वाजून एक मिनिटाने तो थरथरला. पाच मिनिटांनी पुन्हा. तिसरा मेसेज साडेबाराला आला, तोवर माझे मेहुणे खुर्चीतच पेंगायला लागले होते. तीन कॉलेजं. ज्या चार कॉलेजांचे स्वेटशर्ट तिच्या कपाटात होते, त्यातलं एकही नाही.

ती रडली नाही. पण दुसऱ्या दिवशी बहिणीने ते स्वेटशर्ट माळ्यावर टाकले.

पातेलं एक, पंगत पंचवीसची

‘पण स्कॉलरशिप तर मिळतेच ना?’ हा प्रश्न ग्रुपवर सगळ्यात आधी येतो. मिळते, पण अख्खी क्वचित.

सॉफ्टबॉलचा जुना हिशेब असा होता : डिव्हिजन वनच्या संघाला जास्तीत जास्त १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतका पैसा, डिव्हिजन टूला ७.२ इतका. संघात मुली वीस-बावीस, कधी त्याहून जास्त. आमटीचं पातेलं एकच, वाढायचं सगळ्यांना. मग वाढपी जे करतो तेच कोच करते : पुढच्या पानात डाव भरून, मागच्यांना पळीभर, शेवटच्या दोघींना नुसता वास. पिचरचं पान नेहमी पुढे, कारण तिच्यावाचून सामना जिंकता येत नाही.

मग ‘हाऊस’ खटला आला. याचा घराशी संबंध नाही, ग्रँट हाऊस हे खटला भरणाऱ्या जलतरणपटूचं नाव. खेळाडूंच्या जिवावर कॉलेजं कमावतात, तर वाटा द्या, अशी मागणी होती. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी तडजोडीला मंजुरी दिली. ज्या कॉलेजांनी ही तडजोड स्वीकारली त्यांना शिष्यवृत्त्यांच्या संख्येचं बंधन उरलं नाही. त्याऐवजी बंधन आलं माणसांवर. सॉफ्टबॉलच्या संघात, म्हणजे ‘रोस्टर’वर, जास्तीत जास्त २५ मुली.

ऐकायला छान वाटतं : पंचवीसच्या पंचवीस जणींना पूर्ण पैसे देता येतील. पण देता येतील आणि देतील यात अंतर आहे. श्रीमंत विद्यापीठं मोजकी, बाकीच्यांचं पातेलं तेवढंच राहिलं. आणि पूर्वी संघात तीस मुली असत त्या ठिकाणच्या शेवटच्या पाच गेल्या. यातल्या पुष्कळशा ‘वॉक-ऑन’ असत, म्हणजे विनापैसे आलेल्या, स्वतःच्या मेहनतीने जागा मिळवणाऱ्या. आपल्याकडच्या बऱ्याच मुलींना डिव्हिजन वनचं दार उघडायचं ते याच बाजूने. ते आता किलकिलं झालंय.

ग्रुपवर चुलतभावाने लगेच बातमी डकवली : दहा लाख डॉलरची सॉफ्टबॉलपटू! बातमी खरी आहे. नायजरी कॅनडी ही पिचर २०२४ मध्ये स्टॅनफर्ड सोडून टेक्सस टेकला गेली, तेव्हा तिचा वर्षाचा करार दहा लाखांच्या वर होता. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरू देण्याचे पैसे घेता येतात, त्याला ‘एनआयएल’ म्हणतात, त्यातला हा करार. पण ती त्या वर्षीची देशातली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू होती. तिच्याकडे बघून आपल्या मुलीचा हिशेब मांडणं म्हणजे तेंडुलकरकडे बघून क्रिकेटचा क्लास लावण्यासारखं. (गंमत अशी की ज्या ६ जूनला तडजोड मंजूर झाली, त्याच दिवशी ओक्लाहोमा सिटीत अंतिम सामना होता. कॅनडीने पहिल्याच इनिंगमध्ये पाच धावा दिल्या, तिला बाहेर काढावं लागलं आणि समोरच्या टेक्सस विद्यापीठाने आपलं पहिलंवहिलं विजेतेपद घेतलं.)

व्हिसावर असलेल्या घरांसाठी एक सावधगिरी. एफ-१ किंवा एच-४ व्हिसावरच्या मुलीने शिष्यवृत्ती घेणं वेगळं आणि एनआयएलचे पैसे घेणं वेगळं. एनआयएलचे पैसे घेणं हे नोकरी केल्यात मोजलं जाऊ शकतं आणि व्हिसा अडचणीत येतो. सही करण्याआधी इमिग्रेशनचा वकील गाठावा, कोचला विचारू नये.

आता घरच्या हिशेबाची पट्टी. समजा कॉलेजचा राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च ६०,००० डॉलर. कोच म्हणते २५ टक्के देते. तुमच्या खिशातून ४५,००० गेले. दुसऱ्या कॉलेजचा खर्च तेवढाच, खेळाचा छदाम नाही, पण मुलीच्या मार्कांवर २५,००० ची सूट. खिशातून ३५,०००. ग्रुपवर टाकायला पहिलं कॉलेज चांगलं आणि चेक लिहायला दुसरं. आपल्या आयटीतल्या दोन पगारांच्या घराला उत्पन्नावर आधारलेली मदत बहुधा मिळत नाही, त्यामुळे मार्कांवर सूट देणारी कॉलेजं आधी शोधावीत. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो, मदत वजा जाता तुमच्या खिशातून किती जातील याचा अंदाज तो देतो. तो भरायला वीस मिनिटं लागतात. बहिणीने तो पहिल्यांदा भरला तो अकरावी संपताना, त्याआधी तीन वर्षं क्लब, विमानं आणि हॉटेलांवर किती गेले याचा हिशेब मात्र ती अजून मांडत नाही. भिते म्हणते.

सुपारी फुटली, पण नोंदणी?

‘कमिट’ हा शब्द आला तो इथून. कोच तोंडी जागा देते, मुलगी तोंडी होकार देते. झाली सुपारी फुटली. इन्स्टाग्रामवर फोटो पडतो, आजोबा पेढे वाटतात. या शब्दाला कायद्याने काही किंमत नाही, दोन्ही बाजूंनी. पूर्वी बारावीत ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नावाच्या कागदावर सही व्हायची. तो प्रकार ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला, आता आर्थिक मदतीचा लेखी करार हाच कागद. तो हातात येईपर्यंत कोच बदलू शकते, तिचं मन बदलू शकतं.

करार कागदावर आला की दोन गोष्टी बघायच्या : किती वर्षांचा आहे, आणि दुखापत झाली तर काय. बऱ्याच ठिकाणी तो वर्षाचा असतो आणि दरवर्षी नव्याने होतो. गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत या वयाच्या मुलींत मुलांपेक्षा जास्त होते, तेव्हा हा प्रश्न अशुभ वगैरे मानू नये.

भाचीला त्या रात्री आलेल्या तीन मेसेजपैकी एका कोचने सप्टेंबर ते डिसेंबर दर आठवड्याला फोन केला. ‘आमच्या यादीत तू वर आहेस.’ कितवी, हे कधी सांगितलं नाही. जानेवारीत फोन थांबले. फेब्रुवारीत संघाच्या पानावर नवी कॅचर झळकली, वय एकवीस, दुसऱ्या कॉलेजातून आलेली.

ती आली पोर्टलमधून

‘ट्रान्सफर पोर्टल’ म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदवही. ती २०१८ मध्ये सुरू झाली. आधी फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत कॉलेज बदललं की सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ मध्ये सगळ्याच खेळांत एकदा बदलायची मोकळीक मिळाली आणि २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा.

यावर पालक म्हणतात, ‘बरंच झालं की, नाही पटलं तर बदलू.’ बदलता येतं, पण ती सोय कोचलाही आहे. तिच्या जागी बसून बघा. पंचवीस खुर्च्या आहेत, यंदाच जिंकायचं आहे, नाहीतर नोकरी जाणार. सतरा वर्षांची, दोन वर्षांनी तयार होईल अशी मुलगी घ्याल, की कॉलेजचे सामने खेळून मुरलेली एकवीसची? नोकरीच्या जाहिरातीत ‘अनुभवी उमेदवारास प्राधान्य’ लिहिलं की फ्रेशरचं जे होतं, तेच इथे. आणि पोर्टलमध्ये नाव घातलेल्या प्रत्येकीला नवं घर मिळतंच असं नाही. जुन्या कॉलेजला तिची मदत चालू ठेवण्याचं बंधनही राहत नाही.

संघाचं पान वाचायला शिकणं

त्या फेब्रुवारीनंतर आम्ही एक उद्योग सुरू केला. दर रविवारी भाची स्क्रीन दाखवायची आणि मी पुण्यात वही घेऊन बसायचो. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर संघाचं पान असतं आणि त्यावर मागच्या वर्षांची पानंही मिळतात. कोचने फोनवर काय सांगितलं यापेक्षा ही पानं जास्त बोलतात.

पहिलं म्हणजे आपल्या जागेवर कोण आहे. एका कॉलेजात चार कॅचर होत्या, त्यातल्या तीन पहिल्या-दुसऱ्या वर्षात. तिथे हिने जाऊन काय करायचं? दुसऱ्या ठिकाणी दोनच, एक शेवटच्या वर्षात. त्या कोचला कॅचर लागणारच. मुलगी ‘चांगली आहे की नाही’ हा प्रश्न कोचपुढे फार नंतर येतो. आधी प्रश्न असतो, मला यंदा काय हवंय. भाजी उत्तम असली तरी घरात तीच दोन दिवसांची पडलेली असेल तर आपण घेत नाही. हे कळल्यावर न आलेल्या उत्तरांचा डंख बराच उतरला.

दुसरं, गळती. एका कॉलेजचं चार वर्षांपूर्वीचं पान उघडलं, पहिल्या वर्षाच्या मुली मोजल्या : सात. यंदाचं पान उघडलं, शेवटच्या वर्षात त्यांतल्या किती? तीन. भाचीने उरलेल्या चौघींची नावं शोधली. दोघी दुसऱ्या कॉलेजांच्या संघात सापडल्या, दोघी कुठेच नाहीत. चौघींच्या चार गोष्टी असतील, सगळ्या कोचमुळेच गेल्या असं म्हणता येणार नाही. पण भेटीत विचारायचा प्रश्न मिळाला. तिने विचारला. कोच म्हणाली, ‘आमची संस्कृती सगळ्यांना झेपत नाही.’ बहिणीने ते कॉलेज यादीतून त्या दिवशी कापलं. मला विचाराल तर तिने घाई केली, पण सासू ‘आमच्या घरचं वळण जरा कडक आहे’ म्हणाली की मुलीची आई जे ऐकते, ते तिने ऐकलं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं : विषय. प्रत्येक मुलीच्या नावापुढे ती काय शिकते ते लिहिलेलं असतं. भाचीला बायोमेडिकल इंजिनिअरिंग करायचंय. एका डिव्हिजन वन संघात तेवीस मुलींपैकी इंजिनिअरिंगला एकही नव्हती. कॉलेजात इंजिनिअरिंग उत्तम होतं, संघात नव्हतं. याचं कारण वेळापत्रकात सापडतं.

आठवड्याचे वीस तास

डिव्हिजन वनमध्ये हंगामात आठवड्याला वीस तासांहून जास्त खेळाचं काम द्यायचं नाही, असा नियम आहे. वीस तास म्हणजे फार नाही, असं मलाही वाटलं होतं. खोच अशी की सामन्याचा दिवस तीन तासांचाच धरतात, मग एकामागून एक दोन सामने झाले तरी. प्रवास त्यात येत नाही. फेब्रुवारी ते मेच्या सुरुवातीपर्यंत जास्तीत जास्त ५६ सामने. उत्तरेकडच्या कॉलेजांच्या मैदानावर फेब्रुवारीत बर्फ असतं, म्हणून संघ फ्लोरिडा नाहीतर ॲरिझोनाला जातात. गुरुवारी निघायचं, सोमवारी पहाटे परत. शुक्रवारची लॅब कुणी करायची? सराव दुपारी दोन ते पाच, आणि केमिस्ट्रीची लॅबही दुपारी दोन ते पाच.

म्हणून भाचीने पुढे प्रत्येक कोचला एकच साधा प्रश्न विचारला : लॅब आणि सराव एका वेळी आले तर मुलगी कुठे जाते? बहुतेक कोच ‘आपण काढू मार्ग’ म्हणाल्या. एका कोचने फोनवरच एक नाव सांगितलं, ‘ही मेकॅनिकलची मुलगी मंगळवारी सरावाला येत नाही, सकाळी सात वाजता माझ्याबरोबर एकटी करते, तिच्याशी बोल.’ बोलली. खरं निघालं.

कोच नसताना संघातल्या मुलींबरोबर एक जेवण घ्यावं, हेही यातूनच शिकायला मिळालं. तिथे पदार्थापेक्षा कोण कुणाशेजारी बसतं ते बघायचं.

‘डिव्हिजन थ्री म्हणजे दुय्यमच ना?’

हा प्रश्न मी स्वतः विचारला होता, म्हणून रागावत नाही. डिव्हिजन थ्रीचे सामने बघा, मग बोला. बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठाने २०१३, २०१४, २०१५ अशी लागोपाठ तीन विजेतेपदं घेतली, आणि टफ्ट्सला प्रवेश मिळवणं म्हणजे काय हे तिथल्या पालकांना विचारा. सामने कमी, प्रवास बराचसा बसने, आणि मुली शेवटच्या वर्षापर्यंत बऱ्यापैकी टिकतात, कारण पैशासाठी आलेलं कुणीच नसतं.

खेळून पुढे पोट भरेल का, हेही बघायला हवं. ‘एयूएसएल’ ही नवी व्यावसायिक लीग २०२५ मध्ये चार संघांवर सुरू झाली. म्हणजे देशभरातून काही डझन मुली. ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल २०२८ ला परत येतंय, पण ते चार वर्षांनी एकदा. बाकी सगळ्यांच्या हातात राहते ती डिग्री.

इथेही फसगत आहे, वेगळ्या जातीची. डिव्हिजन थ्रीच्या कोचचा होकार म्हणजे प्रवेश नव्हे. चांगल्या कॉलेजांत कोच उन्हाळ्यात मुलीचे मार्क प्रवेश कार्यालयाकडे आधी वाचायला पाठवते. त्याला ‘प्री-रीड’ म्हणतात. पत्रिका बघण्याचाच प्रकार. जुळली तर कोच म्हणते, मी तुझ्या मागे उभी राहते, तू ‘अर्ली डिसिजन’ने अर्ज कर, म्हणजे प्रवेश मिळाला तर इथेच येईन असं बांधून घेणारा अर्ज. तरी शेवटचा शब्द प्रवेश कार्यालयाचा. आणि बांधून घेतल्यावर दुसऱ्या कॉलेजची सूट दाखवून घासाघीस करता येत नाही, म्हणून पैशाचा आकडा आधीच विचारून घ्यायचा.

मध्यस्थ लावावा का?

हजारो डॉलर घेऊन मुलीचं प्रोफाइल ‘देशभरातल्या कोचना’ पाठवणाऱ्या कंपन्या आहेत. एक साधी गोष्ट : कंपनीने आठशे कोचना पाठवलेला ईमेल आठशे कोच ओळखतात. मुलीने स्वतः, संघाचं पान वाचून, दोन ओळी लिहिल्या तर उत्तराची शक्यता जास्त. क्लबची कोच चांगली असेल तर तिचा एक फोन पुरतो.

इथून, महाराष्ट्रातून, कुणी जाऊ शकेल?

जाऊ शकतं, पण वाट चढाची आहे. कोच विमानाने अमरावतीला सामना बघायला येणार नाही, त्यामुळे व्हिडिओच सगळं. ज्युनिअर कॉलेजातून सुरुवात करून दोन वर्षांनी वर जाणं हा त्यातल्या त्यात मळलेला रस्ता. डिव्हिजन वन किंवा टूसाठी एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरकडे नोंद करावी लागते. तिथे मुख्य विषयांचे १६ कोर्स आणि त्यातली सरासरी बघतात, डिव्हिजन वनसाठी ४ पैकी किमान २.३. हे मार्क नववीपासूनचे लागतात. आपण दहावीची मार्कशीट लॅमिनेट करतो आणि नववीची रद्दीत घालतो, तेवढं मात्र करू नये. बारावीनंतर दोन-तीन वर्षं स्पर्धा खेळत राहून मग अर्ज केला, तर खेळायची वर्षं कापली जाण्याचा धोका आहे.

भाचीचं झालं ते असं : डिव्हिजन थ्री, पेन्सिल्व्हेनिया, घरापासून अडीच तास. सकाळी सातला सराव घेणारी तीच कोच. खेळासाठी शून्य, मार्कांवर वर्षाला बऱ्यापैकी सूट. ऑगस्टचा तो मेसेज तोंडी होकाराचा होता. अर्ज नोव्हेंबरमध्ये गेला, पत्र डिसेंबरमध्ये आलं, आणि तोवर बहिणीने स्वेटशर्ट विकत घेतला नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. ‘म्हणजे मुलाकडच्यांनी काहीच दिलं नाही,’ असा निष्कर्ष काढला. मग विचारलं, अंगावर नंबर कितवा घालणार?

भाचीचा नंबर लहानपणापासून सात. तो तिथे दुसऱ्या वर्षाच्या, शॉर्टस्टॉपच्या जागेवर खेळणाऱ्या एका मुलीकडे आहे. ती पास होऊन जाईपर्यंत ही सतरा घालणार आहे.